हेडलाइटच्या ‘काचे’वर रंगाचे तुषार बसले असतील तर

गॅरेजात, पेट्रोल पंपावर, घरी, सगळीकडे आपण ‘हेडलाइटची काच’ असंच म्हणतो आणि नुकसानाची सुरुवात तिथूनच होते. जुन्या ॲम्बेसेडरला, जुन्या जीपला खरोखर काच होती. तिच्यावर रंग उडाला की थिनरचा बोळा फिरवायचा, काम संपलं. आजच्या गाड्यांच्या हेडलाइटला पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. त्याच्यावर तोच बोळा फिरवला तर रंग पाच मिनिटांत निघतो, पण दोन-चार दिवसांनी दिव्यात आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. त्या रेषा पुसून जात नाहीत, दिवा बदलावा लागतो.

तुमच्या गाडीचा दिवा कशाचा आहे अशी शंका असेल तर त्याच्या कडेला कोरलेली बारीक अक्षरं टॉर्च मारून वाचा. ‘पीएल’ किंवा ‘पीसी’ ही इंग्रजी अक्षरं दिसली की प्लास्टिक समजायचं. अक्षरं सापडली नाहीत तर नखाने टिचकी मारा. काच टणक, खणखणीत वाजते, प्लास्टिक बद्द वाजतं.

कोकण किनाऱ्यावर ही तक्रार वर्षातून ठरावीक वेळी हमखास येते. मृग लागायच्या आत गेट, ग्रिल आणि पत्र्याच्या शेडना ऑइल पेंट मारून घ्यायची घाई असते आणि हल्ली ते काम मशीनच्या फवाऱ्याने होतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा बंदरांवर होड्या वर ओढून रंगवल्या जातात. गणपतीच्या आधी घरं रंगतात, आणि गणपतीनंतर मुंबई-गोवा हायवेवर ठोकलेल्या गाड्यांचे बंपर. चारही वेळा शेजारी उभी असलेली गाडी सापडते. फवाऱ्यातला जो रंग कामावर न बसता हवेत राहतो, तो वाऱ्याबरोबर शंभर मीटरवरच्या गाडीपर्यंतही सहज जातो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की जेटीवरच्या होडीचा रंग रस्त्याच्या बाजूच्या गाड्यांवर येऊन बसतो.

आधी खात्री करा की तो रंगच आहे

आपल्याकडे हेडलाइटवर ठिपके पडायला इतर कारणंही पुष्कळ आहेत. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकट स्राव पडतो, तो वाळला की पारदर्शक ठिपके दिसतात. बागेत फवारणी झाली असेल तर पांढरट पुडीचे ठिपके राहतात. खाऱ्या वाऱ्याचं मीठ वाळून भुरकट थर होतो, आणि चिऱ्याच्या खाणीजवळ लाल धूळ बसते. या चारही गोष्टी कोमट पाणी आणि शाम्पूने जातात, चिकट स्रावाला फक्त दहा मिनिटं ओला कपडा ठेवून भिजवावं लागतं. एवढं करूनही जे उरतं, त्याला रंग म्हणायचं.

रंग ओळखायची सोपी खूण स्पर्शात आहे. दिवा धुऊन पुसून घ्या, हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटांची टोकं दिव्यावरून हलकेच फिरवा. पिशवीमुळे खरखर कितीतरी पटीने जाणवते. उघड्या बोटाला गुळगुळीत लागणाऱ्या जागीही पिशवीतून बारीक रव्यासारखे कण लागतात. मग मोबाइलचा टॉर्च दिव्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा. रंगाचा प्रत्येक ठिपका वर उचलून आलेला दिसतो आणि त्याची छोटी सावली पडते. सावली न पडता पिवळट-धुरकट छटा दिसत असेल, तर तो रंग नाही. दिव्यावरचं मूळ संरक्षक कोटिंग उन्हाने जळलं आहे, आणि त्याचा इलाज वेगळा आहे. दिव्याच्या आत पाण्याचे थेंब असतील तर बाहेरून काहीही घासून फरक पडणार नाही, तिथे सील गेलं आहे.

कोटिंग समजून घ्या, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे

नुसतं पॉलिकार्बोनेट मजबूत असतं, दगड लागला तरी सहसा फुटत नाही. पण ते मऊ असतं, चटकन ओरखडतं आणि उन्हाने पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर कडक, पारदर्शक कोटिंग चढवतात. त्याची जाडी जेमतेम काही मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. रंगाचे तुषार या कोटिंगच्या वर बसलेले असतात. आपल्याला रंग काढायचा आहे आणि कोटिंग जिथल्या तिथे ठेवायचं आहे. म्हणून सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात करायची आणि काम होईल तिथे थांबायचं. घाईत थेट पॉलिश पेपर घेणाऱ्याचा दिवा त्या दिवशी लखलखीत दिसतो, आणि किनाऱ्यावरच्या उन्हात काही महिन्यांतच पिवळा पडतो.

थिनरने जाळी का पडते तेही सांगायला हवं. दिवा साच्यात ओतला जातो तेव्हा थंड होताना प्लास्टिकच्या आत ताण अडकून राहतो. हा ताण कोपऱ्यांत आणि जिथे स्क्रूचे कान असतात तिथे सर्वात जास्त असतो. एनसी थिनर, पीयू थिनर, ॲसिटोन (म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरसुद्धा) आणि पेट्रोल यांतली द्रावकं प्लास्टिकमध्ये शिरतात, त्याची पकड सैल करतात, आणि अडकलेला ताण बारीक चिरांच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून जाळी बहुधा कोपऱ्यातून सुरू होते, आणि कधी लगेच न दिसता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. ‘लावलं तेव्हा तर काही झालं नाही’ असं म्हणणारे चुकत नसतात, नुकसान उशिरा वर आलेलं असतं.

रंग कोणता आणि किती जुना

घर किंवा कंपाउंडची भिंत रंगवताना उडालेला इमल्शन रंग पाण्याचा असतो. दोन-तीन दिवसांच्या आत असेल तर शाम्पूच्या पाण्यात भिजवलेला कपडा पंधरा मिनिटं ठेवला की फुगून निघतो. गेट-ग्रिल, पत्रा आणि लाकडी होड्यांवर बहुधा ऑइल पेंट असतो. तो रात्रभरात हाताला सुकतो, पण आतून पक्का व्हायला आठवडा लागतो, आणि तेवढा आठवडा आपल्या हातात असतो. गाडीच्या बॉडीचा रंग आणि फायबरच्या होड्यांचे दोन डब्यांचे, हार्डनर घातलेले रंग एकदा पिकले की सौम्य द्रावकाला दाद देत नाहीत. मात्र लांबून उडत आलेले त्यांचे कण वाटेतच अर्धे सुकलेले असतात, ते वर नुसते टेकतात आणि क्ले बारने, म्हणजे पृष्ठभागावरचे कण उचलून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, सहज निघतात. खरा त्रास दोन-चार फुटांवरून ओले येऊन बसलेल्या तुषारांचा, म्हणजे बंपर रंगवताना दिवा झाकला नाही तेव्हाचा.

रंग निघेपर्यंत गाडी उन्हात ठेवू नका. बल्ब हॅलोजनचा असेल तर दिवे विनाकारण लावून ठेवू नका. त्याने दिवा तापतो आणि रंग लवकर पिकतो.

धुणं आणि क्ले बार

दहापैकी बहुतेक गाड्यांचं काम इथेच संपतं, म्हणून घाई करू नका.

गाडी सावलीत लावा, दिवा हाताला थंड लागला पाहिजे. आधी नुसत्या पाण्याची धार सोडून धूळ उतरवा, कपडा लावू नका. आपल्याकडची लाल माती आणि किनाऱ्यावरची रेती दिव्यावर असताना कपडा फिरवणं म्हणजे स्वतःच्या हाताने ओरखडे पाडणं. मग कार शाम्पू आणि मऊ मायक्रोफायबर कपडा घेऊन दोनदा धुवा, दुसऱ्या वेळी पाणी आणि कपडा दोन्ही नवे. खाडीकाठच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल तर शेवटचं धुणं गोड्या पाण्याने करा, नाहीतर वाळलेल्या क्षाराचे डाग आणि रंगाचे ठिपके यांत फरकच कळणार नाही.

क्ले बार फाइन ग्रेडचा घ्या. गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात तो मिळतो. लिंबाएवढा तुकडा तोडून तळहातावर मळा आणि तीन बोटं बसतील अशी चपटी चकती करा. पावसाळी गारव्यात तो कडक होतो, तेव्हा पाच मिनिटं कोमट पाण्यात टाका. वंगणासाठी एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा कार शाम्पू मिसळून फवारणीच्या बाटलीत भरा. भांड्याचा साबण नको.

दिव्याचा वीतभर भाग घ्या. तिथे ओघळ येईपर्यंत पाणी फवारा आणि क्लेवरही फवारा. क्ले दिव्यावर ठेवून उभ्या सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, गोल गोल नको. दाब जवळजवळ द्यायचाच नाही, बोटांचं वजन पुरतं. सुरुवातीला क्लेखाली खरखर ऐकू येते आणि हाताला बारीक अडखळ जाणवते. दहा-पंधरा फेऱ्यांत आवाज मंदावतो, आणि कण निघून गेले की क्ले लोण्यावरून घसरावा तसा बिनआवाज सरकतो. तो भाग झाला असं समजा. मध्येच क्ले चिकटायला किंवा ओढायला लागला तर पाणी कमी पडलं आहे. तसाच जोर लावला तर क्लेचे तुकडे दिव्यावर चिकटतात, आणि ते काढताना पुन्हा घासावं लागतं.

प्रत्येक भागानंतर क्ले उलटून बघा. पांढऱ्या किंवा फिक्या क्लेवर रंगाचे कण स्पष्ट दिसतात, होडीचा निळा, गेटचा काळा. ते आत दुमडून नवी बाजू वर काढा. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या, धुऊन वापरू नका. अंगणातला एकच रेतीचा कण त्यात रुतला तर दिव्यावर लांबच लांब ओरखडा उठतो. दोन्ही दिव्यांना मिळून चाळीस मिनिटं ते तास धरा. शेवटी धुऊन, पुसून पिशवीची परीक्षा पुन्हा घ्या.

एखादा जाडसर थेंब हटत नसेल तर जुन्या एटीएम कार्डाची कड पाण्यात भिजवून, जवळजवळ आडवी धरून हलकेच ढकलून बघा. ब्लेड लावू नका, कितीही सराईत हात असला तरी. काचेवर ब्लेड चालतं, इथे त्याचं टोक कोटिंगमध्ये शिरतं.

क्लेने भागलं नाही तर

दुसरी पायरी आयसोप्रोपिल अल्कोहोल. केमिकलच्या किंवा औषधांच्या दुकानात बाटली मिळते. 70 टक्क्यांचं असेल तर तसंच, 99 टक्क्यांचं असेल तर 70 मिलीत 30 मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. सॅनिटायझरचं जेल वापरू नका, त्यातल्या चिकट घटकांचा थर उरतो. आधी दिव्याच्या बॉनेटखाली लपणाऱ्या कडेवर नखाएवढ्या जागेत लावून बघा. दहा मिनिटांनी जागा धुरकट किंवा चिकट झाली नसेल तर पुढे जा.

अल्कोहोल दिव्यावर थेट ओतायचं नाही. कापसाच्या पॅडवर घ्या, ठिपक्यांवर 20 ते 30 सेकंद टेकवून ठेवा आणि एकाच दिशेने पुसा. पॅडवर रंग उतरला तर लागू पडलं. लगेच शाम्पूच्या पाण्याने ती जागा धुवा. गरज असेल तर असं तीन-चार वेळा करा, पण प्रत्येक वेळी मध्ये धुऊन. पॅड पाच मिनिटं चिकटवून ठेवण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाच्या चार खेपा कितीतरी सुरक्षित. ओघळ बंपरवर जाऊ देऊ नका. बंपर महिन्याभराच्या आत रंगवलेला असेल तर त्याचा रंग अजून कच्चा असतो आणि अल्कोहोलने मऊ पडतो, म्हणून दिव्याच्या भोवती मास्किंग टेप आणि प्लास्टिक लावून घ्या.

ऑइल पेंट अल्कोहोलला नीट दाद देत नाही. तिथे नॅफ्था चालतो, म्हणजे वातीच्या लायटरमध्ये भरायचं इंधन. कपड्यावर चार थेंब, वीस सेकंद, पुसणं, शाम्पूच्या कोमट पाण्याने धुणं. आगीपासून लांब आणि मोकळ्या हवेत. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन अनेक जण सुचवतात. त्यात ॲरोमॅटिक द्रावकांचा अंश असू शकतो आणि तोच पॉलिकार्बोनेटला बाधतो, म्हणून नॅफ्था मिळत असताना ते टाळाच. डांबर काढायचं स्प्रे घ्यायचं असेल तर बाटलीवर पॉलिकार्बोनेटला सुरक्षित असल्याचं लिहिलं असेल तरच. नुसतं ‘रंगाला सुरक्षित’ लिहिलेलं पुरेसं नाही.

काच पुसायचं अमोनियावालं लिक्विड, कॉस्टिक सोडा आणि टूथपेस्ट यांतलं काहीच वापरू नका. टूथपेस्टने चकाकी आल्यासारखी वाटते ती तिच्यातल्या घासणाऱ्या भुकटीमुळे. ती रंगाच्या कणाला सोडून आजूबाजूचं कोटिंग खाते.

मागचे दिवे वेगळे, इकडे लक्ष द्या. टेललाइट बहुतेक गाड्यांत ॲक्रिलिकचे असतात, कडेला ‘पीएमएमए’ अशी खूण असते. ॲक्रिलिकला अल्कोहोलनेही जाळी पडू शकते. तिथे फक्त धुणं आणि क्ले. हेडलाइटवर पीपीएफची, म्हणजे ओरखड्यांपासून वाचवणारी पारदर्शक फिल्म लावलेली असेल तर तिच्यावरही द्रावक नको. हलक्या हाताने क्ले फिरवा, नाहीच निघालं तर फिल्म बदला, खालचा दिवा शाबूत असतो.

पिकलेला बॉडीचा रंग उरलाच तर

इथपर्यंत येऊनही ठिपके शिल्लक असतील तर ते हार्डनरवाल्या रंगाचे, ओले बसलेले आणि पक्के झालेले आहेत. आता घासण्याला पर्याय नाही. तरीही पेपरच्या आधी फिनिशिंग पॉलिश वापरून बघा: फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन थेंब, हाताने, दोन-तीन फेऱ्या. जाड रबिंग कंपाऊंड नको. ठिपक्यांची टोकं झिजून प्रकाश सरळ जायला लागला तर तिथेच थांबा. अगदी फिकट खुणा उरल्या तरी चालतील. कोटिंग वाचलं, हे जास्त महत्त्वाचं.

वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर, लावायचाच ठरला तर मनाशी पक्कं करा की मूळ कोटिंग जाणार आणि नवं द्यावंच लागणार. 2000 नंबरने सुरुवात करा, फारच जाड थर असेल तरच 1500. मग 3000. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवलेला, पाणी सतत चालू. 2000 आडवा चालवला तर 3000 उभा, म्हणजे आधीच्या रेषा पुसल्या की नाही ते दिसतं. दिवा एकसारखा दुधी झाला पाहिजे. मध्ये चकचकीत बेट दिसलं तर तिथे जुनं कोटिंग शिल्लक आहे, त्याच्या कडा नव्या क्लिअरखालून, म्हणजे वरून मारायच्या पारदर्शक लेपाखालून, दिसत राहतील.

त्यानंतर हेडलाइटसाठीच बनवलेलं, यूव्ही रोखणारं क्लिअर द्यायचं. बॉडीचं साधं क्लिअर उरलंय म्हणून मारू नका, त्यातलं थिनर उघड्या पॉलिकार्बोनेटवर तीच जाळी पाडू शकतं. पहिला हात अगदी कोरडा, धुक्यासारखा. पावसाळ्यात हे काम उघड्यावर काढूच नका. दमट हवेत क्लिअर धुरकट बसतं आणि सगळं परत घासावं लागतं. ऑक्टोबरनंतरचा कोरडा दिवस गाठा. दोन डब्यांच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट नावाची फुप्फुसांना घातक रसायनं असतात, त्यांच्यासाठी फडक्याचा किंवा कागदी मास्क कुचकामी आहे, केमिकल कार्ट्रिजचा मास्क लागतो. तो नसेल तर काम पेंटरच्या बूथमध्ये द्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

बंपर किंवा मडगार्ड रंगवायला देताना पेंटरला दिवे उतरवूनच काम करायला सांगा. बंपर सुटल्यावर बहुतेक गाड्यांचा हेडलाइट तीन-चार बोल्ट आणि एका कनेक्टरवर निघतो. ‘पेपर लावतो, काही होत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. वर्तमानपत्राचा कागद थिनर शोषतो आणि ओला होऊन खाली दिव्याला चिकटतो, मग रंग न उडताही कोटिंगवर डाग राहतो. दिवा उतरवणं शक्यच नसेल तर प्लास्टिक शीट आणि मास्किंग टेप, आणि टेप त्याच दिवशी काढलेली. उन्हात राहिली की तिचा डिंक सुटतो.

बंदराच्या रस्त्यावर किंवा रंगकाम चालू असलेल्या घराजवळ गाडी लावायची असेल तर वारा बघा. सकाळी लवकर वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, दुपारपासून संध्याकाळपर्यंत समुद्राकडून जमिनीकडे, आणि पावसाळ्यात दिवसभर नैर्ऋत्येकडून. फवारा आणि गाडी यांच्यात वारा तुमच्या बाजूला येत असेल तर गाडी हलवा. स्वतःच्या गेटला रंग मारायचा असेल तर वारा पडलेला असताना, सकाळी. साध्या लोखंडी गेटला मुळात फवाऱ्याची गरज नसते, ब्रशने तासभर जास्त लागतो एवढंच.

आणि ठिपके दिसले की त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात हात घाला. रात्री पावसात परशुराम किंवा कशेडी घाट चढताना हेच ठिपके प्रकाश विखरून टाकतात. तुम्हाला रस्त्याची कड दिसत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झगझगाट येतो. क्ले करून झाल्यावर संध्याकाळी गाडी भिंतीसमोर पाच-सहा मीटरवर उभी करून लो बीम लावा. प्रकाशाची वरची कड दोन्ही बाजूंना सारखी धारदार दिसली पाहिजे. एका बाजूला ती पसरट दिसत असेल तर त्या दिव्यावर अजून रंग आहे, पिशवी हातात घालून पुन्हा तपासा.